टाकी धुणाऱ्या गाडीत आधी पाण्याचे वजन मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पाण्याच्या टाक्या धुऊन घेण्याची घाई सुरू होते. हल्ली हे काम बंद बॉडीच्या टेम्पोतून केले जाते. आत पाण्याची टाकी, पेट्रोल इंजिनावर चालणारा प्रेशर पंप आणि रिळावर गुंडाळलेली नळी. एरवी हीच गाडी पार्किंग, जिने आणि पेव्हर ब्लॉक धुते. बरीच तरुण मुले या धंद्यात उतरत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण गाडी बांधायला टाकताना ‘पंप किती बारचा (म्हणजे किती दाबाचा)?’ एवढेच विचारले जाते. आम्ही अशा गाड्या बांधतो आणि दुसरीकडे बांधलेल्या दुरुस्तीला आल्या की उघडतो. त्यांत वारंवार दिसणाऱ्या काही चुका जिवावर बेतणाऱ्या आहेत, म्हणून हे पत्र.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी दीड टनी पिकअपवर हजार लिटरची टाकी सर्रास चढवली जाते. हिशोब करून पाहा. उघड्या हौद्यापेक्षा पत्र्याच्या बंद बॉडीचे वजन साधारण २७५ किलो जास्त. रिकामी टाकी आणि तिचा अँगलचा पिंजरा ७५, इंजिन-पंप ७५, दोन रिळे आणि नळ्या ८०, पाण्यात बुडवायचा सबमर्सिबल आणि गाळ उपसायचा पंप ५०, पेट्रोल, औषधे, शिडी आणि हत्यारे १२०, तीन माणसे २००. पाणी न भरताच ८७५ किलो झाले. त्यात ५०० लिटर पाणी घातले तर १,३७५, म्हणजे गाडी पासिंगच्या, म्हणजे मंजूर दीड टन भाराच्या, आत राहते. हजार लिटर घातले की १,८७५. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भाराला २० हजार रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागे २ हजार सांगितले आहेत. पण दंडापेक्षा ब्रेकची काळजी करा. घाटउतारावर ३७५ किलोचा फरक ब्रेकला लगेच कळतो.

अर्धवट भरलेली टाकी तर भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. ब्रेक दाबला की पाणी पुढे धावते आणि वळणावर बाहेरच्या बाजूला लोटते. गच्चीवर ठेवायच्या उभ्या प्लास्टिक टाकीला हे हिसके सोसत नाहीत. ती आधी आउटलेटच्या चुडीपाशी (आट्यांपाशी) तडकते, आणि तो तडा आतून सुरू होत असल्याने गळायला लागेपर्यंत दिसत नाही. आत आडवे पडदे असलेली, बुटकी आणि चौकोनी टाकी घ्या. ती मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे येईल अशी ठेवा. ॲक्सलच्या मागे ठेवली तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग पकड सोडते. पिंजरा फळीला नव्हे, चासीला यू-बोल्टने आवळा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंग तर मुळीच नको; तडा तिथूनच जातो. आणि बॉडीतला बदल आरटीओच्या मंजुरीने आरसी बुकात चढवून घ्या. कलम ५२ त्यासाठीच आहे, आणि अपघात झाला की विमा कंपनी आधी तेच पाहते.

पंपाचे गणित सोपे आहे. टाक्या आणि पार्किंगसाठी मिनिटाला १५ लिटर आणि २०० बार पुरेसे. त्याला १३ एचपीचे पेट्रोल इंजिन आणि ०४५ क्रमांकाचे नोझल लागते. ५०० लिटर पाणी सलग ३३ मिनिटे चालते, आणि गन सतत दाबलेली नसते. त्यामुळे सोसायटीच्या नळाची नळी बॉलकॉकवर लावून ठेवली तर छोटी टाकी भागते. गाडीतल्या टाकीचा तळ पंपाच्या पातळीला किंवा वर हवा. सक्शनची नळी एक इंची, आखूड, वाकण नसलेली, मध्ये जाळी. ही जाळी तुंबली की पंपाला पाणी अपुरे पडते, आत बुडबुडे फुटून खडखडाट होतो आणि व्हॉल्व्ह, पॅकिंग खाल्ले जाते. मेकॅनिक पॅकिंग बदलून देतो, जाळी कोणी धूत नाही, आणि महिन्याभरात पंप पुन्हा उघडावा लागतो. गन सोडल्यावर अनलोडरमधून (पाणी परत वळवणाऱ्या व्हॉल्व्हमधून) परतणारे पाणी गाडीतल्या टाकीत सोडा. ते पंपाच्या तोंडाशीच फिरवले तर तेच पाणी काही मिनिटांत कढत होऊन सील जळते.

‘सातव्या मजल्यावर प्रेशर येत नाही’ ही नेहमीची तक्रार. दर १० मीटर उंचीला फक्त १ बार जातो, म्हणजे सात मजल्यांना दोन-अडीच बार. खरा चोर नळीत असतो. १५ लिटरच्या प्रवाहाला ६० मीटर पाव इंची नळीत सुमारे ६० बार जातात; तेवढ्याच लांबीच्या तीन-अष्टमांश इंची नळीत दहाच्या आत. मोठा पंप घेण्याआधी नळी बदला.

आता सर्वांत गंभीर बाब. बंद बॉडीत इंजिन चालवताना धूर आतच राहिला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोप आल्यासारखा खाली बसतो. सायलेन्सरला धातूची लवचीक नळी जोडून ती फळीखालून गाडीच्या बाहेर काढा, तीही माणसे उभी राहतात त्याच्या उलट बाजूला आणि टाकीच्या झाकणापासून लांब. एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर जाळीच्या खिडक्या ठेवा आणि इंजिन चालू असेपर्यंत दार उघडे ठेवा. जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल पंप उतरवणे म्हणजे माणसाचा जीव घेणे. तिथे फक्त विजेचा सबमर्सिबल, ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर), आणि तो चालू असताना पाण्यात कोणीही नाही.

टाकी निर्जंतुक करायचे सोडियम हायपोक्लोराइट आणि फरशीचे ॲसिड एका कप्प्यात ठेवू नका. कॅन कलंडून दोन्ही मिसळले तर बंद गाडीत क्लोरीन वायू तयार होतो. हायपो मुख्य पंपातूनही ओढू नका, पितळ आणि सील दोन्ही खराब होतात. त्याला वेगळा छोटा डायफ्रॅम पंप लावा.

पिण्याच्या टाकीसाठी नळी, गन आणि बूट वेगळे ठेवा. आम्ही निळी नळी टाकीला आणि काळी पार्किंगला देतो. गाडीतल्या टाकीत भरणारी नळी पाण्यात बुडू देऊ नका. सोसायटीचा दाब गेला तर गाडीतले पाणी उलट ओढले जाऊन पिण्याच्या पाइपात जाते. रात्री टाकी रिकामी करा, म्हणजे पाणी शिळे होत नाही आणि स्प्रिंगच्या पाट्यांवरचा भारही उतरतो.

सोसायट्यांच्या समित्यांना विनंती, दरपत्रक मागवताना आरसी बुकाची प्रत मागा, गाडी आली की सायलेन्सर कुठे उघडतो ते पाहा, आणि टाकीसाठी वेगळी नळी आणली आहे का हे झाकण उघडण्याआधी विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर त्या दिवशी काम सुरू करू देऊ नका.

आपले,
धुलाईच्या गाड्या बांधणारे कारागीर, भोसरी, पुणे