चिऊस पत्र : या वेळी सही तुझी

चि. चिऊ,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, ती वाचनाच्या अडचणीच्या टेस्टिंगची भानगड मला आता नको. मी काही लहान नाही." आणि विषय बदलून आईशी पोह्यांवर बोलत बसलीस. मी गप्प राहिलो. पण कॉलेजच्या दोन्ही परीक्षांत वेळ संपून शेवटचा प्रश्न कोरा राहिला हे तूच सांगितलंस, आणि त्याचं उत्तर येत होतं हेही तूच सांगितलंस. ते ऐकल्यापासून झोप नाही. फोनवर मी बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

चौथीतलं वर्ष तुला किती आठवतं माहीत नाही. मला सगळं आठवतं. रोज संध्याकाळी जेवणाआधी मी तुला दहा स्पेलिंगं घालायचो. एकाच पानावर 'बिकॉज' तू तीन तऱ्हांनी लिहायचीस आणि तिन्ही चूक. मी ओरडायचो, "लक्ष कुठंय तुझं?" एकदा तू तो शब्द इतका खोडलास की कागद फाटला, आणि त्या भोकावर हात ठेवून बसलीस, मला दिसू नये म्हणून. चिऊ, तो हात मी पाहिला होता. तरी मी ओरडलो.

शाळेतून सांगण्यात आलं की घरात दोन भाषा आहेत म्हणून मुलीचा गोंधळ होतोय, घरी इंग्रजीच बोला. आम्ही ऐकलं. सात महिने. आजीचा साताऱ्याहून फोन आला की तू "हाय आजी" म्हणून रिसीव्हर आईकडे द्यायचीस. आजी विचारायची, "पोरीला माझा राग आलाय का?" सरकारी शाळेनं फुकट तपासणी करून द्यायची, हा इथला, अमेरिकेतला, १९७५ पासूनचा कायदा. पण मागणी लेखी दिलेली बरी, एवढंही आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही तोंडी विचारत राहिलो आणि ते "अजून थोडं थांबू" म्हणत राहिले.

बाहेर खासगी तपासणीची चौकशी केली तर तीन हजार डॉलर. इन्शुरन्सवाले म्हणाले, शिकण्यातली अडचण हा आजार नाही, पैसे मिळणार नाहीत. त्या हिवाळ्यात माझा प्रोजेक्ट संपलेला, घरभाडं बचतीतून जात होतं. तेव्हा आईला तिच्या कामावरच्या एका बाईनं विद्यापीठाच्या ट्रेनिंग क्लिनिकचं सांगितलं. मानसशास्त्रात पीएचडी करणारी मुलं तिथं तपासतात आणि फी कमाई बघून ठरते. आपल्याला साडेतीनशे पडले. स्वस्त म्हणजे कच्चं, असा माझा समज होता, आणि आपली पोर शिकाऊ माणसाच्या हाती द्यायची हे मला पटत नव्हतं. आईनं माझं न ऐकता फॉर्म भरला. पाच महिन्यांनी नंबर लागला.

तुला तपासणारी शिकाऊ मुलगी पंचविशीची असेल. पहिल्या दिवशी तुला आत नेण्याआधी तिनं आम्हाला दोन तास प्रश्न विचारले. तू कधी बोलायला लागलीस, कान दुखायचे का, चष्मा आहे का. घरात कुणाला वाचायला त्रास होता का, असं विचारल्यावर मी "नाही" म्हणालो. आई म्हणाली, "भाऊजींचं सांगा की." तुझा काका. त्याला अख्खी आळी 'ढ' म्हणायची, दहावीनंतर त्यानं शाळा सोडली, आणि आज पंप उघडून बिघाड सांगण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. ही अडचण घराण्यात उतरू शकते, हे मला त्या खोलीत कळलं.

शिकाऊ असल्याचं मला जे भय होतं, तेच आपल्या उपयोगी पडलं. कोपऱ्यात कॅमेरा होता आणि तिची परवानाधारक प्राध्यापिका प्रत्येक बैठक नंतर बघायची. प्रत्येक गुण दोनदा मोजला जायचा. तीन दुपारी त्यांनी तुझ्यासाठी दिल्या. तांबडे-पांढरे ठोकळे जुळवताना तू चित्राकडे बघायचीस आणि एका दमात लावून टाकायचीस, असं तिनं आम्हाला नंतर सांगितलं. आकडे ऐकून उलटे म्हणताना मात्र चारच्या पुढे तू अडायचीस. घड्याळ तुला दिसू नये म्हणून ती ते मांडीवर धरायची.

दुसऱ्या दुपारी गाडीत बसल्यावर तू मराठीत बोललीस. सात महिन्यांत पहिल्यांदा, आपणहून. म्हणालीस, "बाबा, आज खोटे शब्द वाचायला दिले. कुणालाच येत नसतात ते." तुझा चेहरा केवढा फुलला होता! ते निरर्थक शब्द कशाला असतात ते पुढे कळलं. खरे शब्द तू चेहऱ्यासारखे ओळखीनं पाठ केले होतेस, अक्षरं फोडून वाचत नव्हतीस. न पाहिलेला शब्द आला की हे उघडं पडतं.

आणि तिनं मराठीचंही विचारलं. महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या शाळेतलं तुझं पुस्तक मागवलं, तुला वाचायला लावलं. तिला अक्षर कळत नव्हतं, मी शेजारी बसून बरोबर-चूक सांगत होतो. 'कमळ', 'बदक' तू हळू पण बिनचूक वाचलंस. 'स्वच्छ' आल्यावर थांबलीस. तिचं म्हणणं असं, की मराठीत लिहिलेलं तसंच म्हणायचं असतं म्हणून चुका कमी, पण वेग तिथंही मंद. म्हणजे दोष दोन भाषांचा नव्हताच. त्या रात्री आपण आजीला फोन लावला.

रिपोर्ट यायला अडीच महिने लागले, कारण प्राध्यापिका मसुदा पुन्हा पुन्हा दुरुस्त करून घेत होत्या. सरासरी १०० धरली तर भाषेची समज १२४, शब्दवाचन ७९. हे दोन आकडे शेजारी शेजारी बघून मी तिथंच रडलो. तू हुशार आहेस हे मला आधीपासून दिसत होतं. तरी तू आळशी आहेस असं मी वर्षभर तुला सांगत होतो. त्याची माफी मी तेव्हा मागितली नाही. आत्ता मागतो.

तिनं जाता जाता एक सांगितलं, तेही तुला सांगायचं राहिलंय. आपण राहतो त्याच फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, १८९६ साली लाइटनर विटमर या प्राध्यापकानं जगातलं पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक काढलं. तिथं आलेला पहिला पेशंट म्हणजे एका शिक्षिकेनं आणलेला चौदा वर्षांचा मुलगा. एरवी हुशार, पण स्पेलिंग येत नव्हतं. चिऊ, अशी खोली तुझ्यासारख्या पोरासाठीच पहिल्यांदा उघडली गेली होती.

आता तुझ्या कॉलेजचं. शाळेत वाचनाच्या वेगळ्या तासांपासून सगळं ठरवून देणारी योजना होती, ती हायस्कूलबरोबर संपली. पुढे १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आणि १९९० चा अपंगत्वविषयक कायदा लागू आहेत, पण कॉलेज आपणहून विचारायला येत नाही. डिसॅबिलिटी ऑफिसात जाऊन तूच सांगायचं. कागद बहुतेक नवा मागतील, मोठ्यांच्या चाचण्यांवरचा, आणि ती तपासणी करून देण्याचं बंधन कॉलेजवर नाही. दीडपट वेळ मिळाला तर तो कोरा प्रश्न कोरा राहणार नाही. त्यात मेहेरबानी कसली? तुला येतं ते कागदावर उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच तू मागते आहेस.

तुझ्या गावातल्या विद्यापीठातही असं क्लिनिक असेल तर आत्ताच फोन कर. रांग मोठी असते, आणि मे महिन्यात मुलं सुटीवर गेली की काम मंदावतं. फी विचारताना तुझी स्वतःची कमाई सांग, माझी विचारली तरच माझी. शेवटी समोर बसवून रिपोर्ट समजावून देतात का, तेही विचार. त्या बैठकीशिवाय ते नुसते आकडे.

तेव्हाच्या सगळ्या फॉर्मांवर सह्या माझ्या होत्या. आता तू एकोणीस वर्षांची, सही तुझी. मी फोन केला तर तू तिथं येतेस की नाही हेसुद्धा ते मला सांगणार नाहीत, आणि तसंच असायला हवं. रिपोर्ट मला दाखवलास तर वाचेन. नाही दाखवलास तर विचारणार नाही.

जुना रिपोर्ट पार्सलमध्ये घातलाय, मेतकुटाच्या डब्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांना तो लागेल. मूळ प्रत आहे, जपून ठेव. आई म्हणते पोहे भिजवू नकोस, नुसते चाळणीत धू.

तुझा,
बाबा