ताई, तुझ्या बाबांचे आभार तुझ्याकडेच मानायचेत

ताई,

तुला ताई म्हणते म्हणून हसू नको, वयाने तू माझ्यापेक्षा लहानच, पण आमचं पोरगं तुला ताई म्हणतं म्हणून घरात सगळेच म्हणायला लागलो. काकांच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, दहाव्याला आलो तेव्हा गर्दी एवढी की तुझ्याशी आणि काकूंशी धड बोलताच आलं नाही. जो तो उठून काकांनी रक्तदानाचे किती कॅम्प घेतले, रक्ताच्या किती पिशव्या गोळा केल्या हेच सांगत होता. ते खरंच आहे. मला मात्र थोडं वेगळं सांगायचंय, फोनवर रडू येतं म्हणून लिहिते, आणि बाकीच्यांनीही वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

पोरगं आठ महिन्यांचं असताना पांढरंफटक पडलं, दूध पिईना, म्हणून जतहून मिरजेला आणलं. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आईबापाकडून येणारा आजार, अंगात रक्त नीट तयारच होत नाही. आम्हा नवराबायकोला कधी साधा अशक्तपणासुद्धा नाही पण दोघंही मायनर, म्हणजे स्वतःला त्रास नाही पण आजार पोराकडे जाऊ शकतो असे, हे तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, आणि ग्रुप बी निगेटिव्ह. मी ब्लड बँकेच्या बाकावर बसून रडत होते तर एक माणूस समोर येऊन उभा राहिला, मागच्या खिशात पक्कड, शर्टाला ग्रीसचे डाग. तेच काका, वायरमन, कोणाची तरी लाईट जोडून तसेच आलेले. म्हणाले, पोरी, रडून घे पण ऐक. एक माणूस तीन महिन्यांनीच रक्त देऊ शकतो, पोराला तीन आठवड्यांनी लागणार, म्हणजे पाच माणसं फिरती ठेवायची. वर तीन जादा, कारण एकाला कावीळ होणार, एकाची बदली होणार आणि एक टॅटू काढून बसणार. आठ माणसं मी बघतो, तू गोळ्या आणि तारखा बघ.

बघितली की खरंच. पोरगं वाढलं तशी एकाच्या दोन पिशव्या झाल्या, आठाचे पंधरा झाले. नियमाने थॅलेसेमियाच्या आमच्या पोरांना रक्त फुकट आणि त्याच्या बदल्यात डोनर न मागता द्यायचं असतं, पण फ्रीजमध्ये पिशवीच नसली तर नियम काय करणार! खांबावर चढून कोणाच्या घरची लाईट चालू केली की उतरल्यावर चहाच्या आधी त्या घरातल्या पोराचा ग्रुप विचारायचे म्हणे, आमचे निम्मे डोनर असे खांबावरून मिळालेत.

मे महिना आला की मात्र काकांची चिडचिड सुरू व्हायची, तुला माहितीच आहे. कॉलेजं बंद, लग्नसराई, ऊन, रक्त द्यायला कोणी नाही. आणि इकडे साहेबांचा वाढदिवस असला की एकाच दिवशी चार मंडळांचे चार कॅम्प, फ्लेक्स, हार, बिस्किटं. लाल पेशींची पिशवी फार तर ४२ दिवस टिकते, प्लेटलेट्स तर पाचच दिवस, मग एका दिवसात ढीगभर गोळा करून करायचं काय. शिवाय आमच्या पोरांना जितकं ताजं रक्त मिळेल तितकं पुढे जास्त दिवस भागतं. काका मंडळाच्या पोरांना सरळ सांगायचे, वाढदिवसाला केक कापा आणि रक्त मला मेमध्ये द्या, वीसच पोरं द्या पण मेमध्ये द्या. काही मंडळांनी ऐकलं, काहींनी तोंडावर हो म्हणून फ्लेक्स लावलाच. तरी मला वाटतं काकांचं सगळ्यात मोठं काम हेच, लोकांना उत्साहापेक्षा कॅलेंडर बघायला लावलं.

आणि त्या कॅलेंडरवर तू होतीस. त्यांची ती जाड डायरी मी कितीदा बघितलीय, डोनरच्या तारखा निळ्या पेनने आणि तुझ्या लाल पेनने, पालक सभा, फी, दातांचा डॉक्टर, सगळं. तुझ्या बारावीच्या पेपरला एका मंडळाने कॅम्प ठेवला, आमदार येणार म्हणून फोनवर फोन, तर काका म्हणाले पोरीला सेंटरवर सोडायचंय, आमदारांना सुई टोचायला मी कशाला पाहिजे. मी शेजारीच उभी होते, हसून पुरेवाट झाली! अठरा पूर्ण झाल्यावर तू हौसेने रक्त द्यायला आलीस आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली भरलं म्हणून परत पाठवलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. दुनियेला रक्ताबद्दल सांगतो आणि माझ्याच घरात कमी, असं म्हणत थेट मार्केटमध्ये गेले आणि अळीव, खारीक, गूळ घेऊन आले. पुढचे दोन-तीन महिने तुला अळिवाचे लाडू नको नको झाले असणार.

२०२० च्या लॉकडाऊनचं तर काय सांगू, कॅम्प बंद, एसटी बंद, आम्ही जतला अडकलेलो. काका एकेका डोनरला स्वतःच्या गाडीवर बसवून ब्लड बँकेत नेत होते. पुढच्या वर्षी १ मेपासून अठराच्या वरच्यांना लस सुरू होणार म्हटल्यावर आठवडाभर आधीच ग्रुपवर मेसेज टाकत बसले, लस घेतली की काही दिवस रक्त देता येत नाही, आधी रक्त द्या मग खुशाल लस घ्या. आमच्या पोराचा तो मे निभला तो त्या मेसेजवर. दिराचं लग्न ठरलं तेव्हाही काकांनीच फोन करून डोकं खाल्लं, पत्रिका जुळो न जुळो, दोघांची एचबीए-टू टेस्ट करा, थॅलेसेमिया मायनर आहे का ते त्यात कळतं. केली. दीर मायनर निघाला, मुलगी नॉर्मल, लग्न झालं, आता त्यांची लेक दुडूदुडू पळते, ठणठणीत आहे.

तर आभार तुझे आणि काकूंचे मानायचेत. रात्री दोनला फोन वाजला की झोपमोड तुमच्या घरात व्हायची. आम्ही पहाटेच्या गाडीने यायचो आणि काकू आमचाही डबा भरून ठेवायच्या, कधी पिठलं-भाकरी कधी भात-आमटी, कुठल्या गावचे कोण आम्ही. सणासुदीला सुद्धा काका कधी वॉर्डात नाहीत असं झालं नाही, आणि तू कधी तोंड वाकडं केलेलं मला आठवत नाही.

बाकी पोराचं फेरिटीन, म्हणजे सारखं रक्त चढवून अंगात साठलेल्या लोहाचं माप, थोडं उतरलंय, ते लोह काढायची गोळी पाण्यात विरघळवून रोज घेतो पण अजून नाक मुरडतो. डायरी तू ब्लड बँकेतल्या भाऊंकडे दिलीस हे बरं केलंस, मेसाठी त्यांना अजून निगेटिव्हवाले कमी पडतायत, वाचणाऱ्यांपैकी कोणी सांगली-मिरजेकडचं असेल तर जवळच्या ब्लड बँकेत नाव देऊन ठेवा.

पुढच्या रविवारी रक्त चढवून झालं की घरी येतोय. काकूंना म्हणावं डबा करू नका, या वेळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही बांधून आणतोय.