‘एच’ म्हणजे जास्त, पण काय?

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

बाबा, आधी कबुली देते. आईचा रिपोर्ट तुम्हाला न विचारता मी डॉक्टरांना पाठवला. रागावू नका. तुम्ही ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणाला असतात, आणि परवा व्हिडिओ कॉलवर आईचा तो घोगरा आवाज, वैशाखात अंगावर शाल... राहवलं नाही. खरं तर दिवाळीतच माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेव्हा मी ‘किती गं सुस्तावलीस’ म्हणून मोकळी झाले.

टीएसएच ११.२, पुढे ‘एच’. थायरॉइड वाढलंय असं समजून तुम्ही तिची थायरॉइडची ५० ची गोळी अडकित्त्याने अर्धी केलीत. लहानपणी माझी तापाची गोळी दोन चमच्यांत चुरून मधातून द्यायचात, तेच हात. चूक तुमची नाही, तो कागदच उलटा बोलतो. टीएसएच थायरॉइडचं नाहीच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन. माजघरातून हाका मारणारी आजी आठवते ना? मी ओ दिली नाही की तिचा आवाज चढायचा. थायरॉइड पुरेसं काम करेना, म्हणून ही हाक चढली. खालची फ्री टी-४ ची, म्हणजे थायरॉइडच्या स्वतःच्या हार्मोनची, ओळ बघा, ते कमीच आलंय. आईला गोळी जास्त होत नव्हती, अंगी लागत नव्हती.

का, तेही कळलं. आई, तू ती दुधाबरोबर घेतेस, वर लगेच कॅल्शियम! उद्यापासून पूर्ण गोळी, उठल्याउठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. (माहितीये, जड जाईल.) कॅल्शियम रात्री जेवणानंतर. केसांसाठी मीच पाठवलेल्या गोळ्यांत बायोटिन आहे, त्याने रिपोर्टचे आकडे चुकू शकतात. त्या बंदच कर.

लगेच बरं वाटलं नाही म्हणून डोस वाढवायचा नाही हं. टीएसएच खाली यायला सहा ते आठ आठवडे जातात. घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाला मी सहा आठवड्यांनंतरच्या सोमवारी सकाळी सातला सांगून ठेवलंय, पैसेही भरलेत. त्या दिवशी गोळी रक्त दिल्यावरच. मी आदल्या रात्रीच्या गाडीने येतेय. चहा मी करीन, बाबा, तुमच्या मापाने साखर घालून.

तुमची,
ताई