क्लेरिक हवाच, असं काही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, प्रत्येकानं एकेक पात्र होऊन फाशांवर साहसकथा रंगवायच्या खेळावर लेख वाचला आणि फार आनंद झाला. पण नवख्यांसाठीच्या सूचनांत ‘गटात एक क्लेरिक हवाच, कोणी तयार नसेल तर नव्या खेळाडूला द्यावा’ असं लिहिलंय. क्लेरिक म्हणजे देवाच्या शक्तीनं जखमा बऱ्या करणारं पात्र. ते वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं नर्स होते. माझी मुलगी आणि तिचे मित्रमैत्रिणी दर रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये खेळतात. चहा द्यायला म्हणून जायची आणि तिथेच उभी राहायची. एकदा एक जण आला नव्हता. मुलं म्हणाली, “काकू, बसा ना तुम्हीच. क्लेरिक घ्या, तुम्हाला सवयच आहे बरं करायची.” प्रेमानंच म्हणाली. मी नको म्हटलं. उभा जन्म दुसऱ्याच्या सलाइनवर नजर ठेवण्यात गेला, रात्री अडीचला हाक आली तरी उठले. रविवारचे चार तास मला दुसरं कुणीतरी व्हायचं होतं. मी रोग घेतला. इंग्रजीतला रोग, म्हणजे कुलपं उघडणारी, सापळे हुडकणारी, आडोशाला राहून नेमका वार करणारी.

मग जखमींचं काय? पहिले पाच महिने आम्ही क्लेरिकशिवाय खेळलो आणि कुणीही दगावलं नाही. आम्ही २०१४ च्या नियमांनी खेळतो. त्यात फायटर, म्हणजे लढवय्या, लढता लढता स्वतःच दम भरून घेतो, दहा बाजूंच्या फाशावर येईल तो आकडा अधिक त्याची लेव्हल, म्हणजे तो चढलेली पायरी, एवढे जिवाचे पॉइंट त्याला परत मिळतात. पॅलाडिनकडे, म्हणजे धर्मयोद्ध्याकडे, लेव्हलच्या पाचपट पॉइंट असतात, ते तो नुसत्या स्पर्शानं कुणालाही देऊ शकतो. गाण्यातून जादू करणारा बार्ड आणि निसर्गाची जादू जाणणारा ड्रुइड यांच्याकडेही बरं करायचे मंत्र आहेत. सोन्याच्या ५० नाण्यांना औषधाची बाटली मिळते. आणि मरणाच्या दारात पडलेल्याला सावरायला तर कुठलाच ठरावीक क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, लागत नाही. जवळ जाऊन ‘मेडिसिन’चा फासा टाकायचा, फाशात आपले गुण मिळवून १० भरले की तो वाचतो. हा नियम मला फार पटला. वॉर्डातही जो जवळ असतो तोच आधी हात लावतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये आला तेव्हा त्यात तीनच क्लास होते. लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. त्या पुस्तकात पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकसुद्धा मंत्र नव्हता. धारेचं शस्त्र त्याला चालत नसे, म्हणून तो गदा घेऊन लढायचा. मागे थांबून मलमपट्टी करणं एवढंच क्लेरिकचं काम, ही समजूत नंतरची.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी एक वेगळा छोटा डाव मांडला. शेजारची नववीतली मुलगी पहिल्यांदाच आली होती. कुणीतरी क्लेरिकचा तयार कागद तिच्या हातात ठेवला. तीन तास ती एवढंच विचारत होती, “कुणाला लागलंय का?” मला तो आवाज ओळखीचा वाटला, घशात काहीतरी दाटलं. दुसऱ्या दिवशी फासे काढायच्या आधी मी तिला विचारलं, “तुला काय करावंसं वाटतं गं?” ती म्हणाली, “मला मोठ्यांदा ओरडायचंय.” तिला बार्बेरियन, म्हणजे चवताळून लढणारा रानटी योद्धा, दिला. बारा बाजूंचा फासा, हातात मोठी कुऱ्हाड. ती ओरडली तेव्हा स्वयंपाकघरातून हे धावत आले.

आता आमच्यात क्लेरिक आहे. मुलीच्या वर्गातल्या एका मुलानं तो आपणहून मागून घेतला. परवा आमचा विझार्ड, म्हणजे जादूगार, पडला. मरणाचे दोन फासे उलटे गेले होते, तिसरा गेला असता की संपलं. ह्या मुलानं साठ फुटांवरून एका शब्दात त्याला उठवलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. रात्रपाळीत पेशंट डोळे उघडतो तेव्हा आमचा होतो तसा.

लेखाचा दुसरा भाग येणार आहे असं शेवटी छापलंय. त्यात नवख्यांसाठीच्या सूचना पुन्हा देणार असाल, तर ती एक ओळ कृपया बदलावी. नव्या माणसाला आधी विचारा, एवढंच लिहा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज