तीन नंबरच्या सेटबद्दल फोरमनकाकांना

आदरणीय फोरमनकाका,
सादर नमस्कार.

तीन नंबरचा जुना वेल्डिंग सेट तुमच्यामुळे पुन्हा चालू झाला, पण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, बरं, मशीन चालतं ना?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. तुमचं नाव घातलेलं नाही, कारण ते तुम्हाला खपणार नाही. पण आमच्या धंद्यातल्या माणसांनी हे वाचायला हवं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या बंद वर्कशॉपांत असे सेट अजून ताडपत्रीखाली पडून आहेत, आणि "मॅन्युअल नाही, पार्ट मिळत नाहीत" एवढ्या एका वाक्यावर ते किलोच्या भावाने जातात.

वाचणाऱ्यांपैकी सगळ्यांनीच असला सेट पाहिला असेल असं नाही. एकाच शाफ्टवर एका टोकाला थ्री फेज मोटार, दुसऱ्या टोकाला डीसी जनरेटर, खाली लोखंडी चाकं आणि पुढे ओढायचा दांडा. लाइनवरची वीज मोटार फिरवते, मोटार जनरेटर फिरवते आणि जनरेटर वेल्डिंगचा करंट देतो. पुढे ट्रान्सफॉर्मर आले, रेक्टिफायर आले, आता तर खांद्याला अडकवून शिडी चढता येते असे इन्व्हर्टर आले. माझ्याकडेही इन्व्हर्टर आहे आणि ग्रिल-गेटच्या कामाला मी तोच काढतो. पण टिपरचं चासिस किंवा पोकलेनचं बकेट समोर आलं, ७०१८ जातीचे जाड वेल्डिंग रॉड सलग ओढायचे असले, की मला जुनाच सेट बरा वाटतो. संध्याकाळी व्होल्टेज डुगडुगलं तरी आर्मेचरच्या, म्हणजे जनरेटरच्या आत फिरणाऱ्या गुंडाळीच्या वजनामुळे आर्क एकदम तुटत नाही. शिवाय आमच्याकडच्या लाल धुळीने आणि जून-जुलैच्या दमटपणाने इलेक्ट्रॉनिक कार्डाचं काय होतं ते ज्याने भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको. जुन्या सेटमध्ये कार्डच नाही. हे माझं मत. माझा धाकटा भाऊ याला भंगारप्रेम म्हणतो.

हा सेट माझ्याकडे आला तो खाणी बंद पडल्यामुळे. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने खाणकाम थांबवलं, मधे काही काळ ते पुन्हा सुरू झालं आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा ठप्प झालं. खनिज नाही तर ते नदीतून वाहणारे बार्ज नाहीत, आणि बार्ज नाही तर त्यांचे तळ बदलणारी यार्डंही नाहीत. जुवारी नदीच्या काठच्या तुमच्या यार्डातलं सामान कधीतरी एका भंगारवाल्याने उचललं आणि त्यात हा सेट फिरत फिरत उसगावला आला. अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने मोठा "३" काढलेला. मोटार फिरत होती, पण टर्मिनलवर मीटर लावला तर जेमतेम दोन-तीन व्होल्ट. यायला हवे होते सत्तरच्या आसपास. त्यात एका टोकाच्या बेअरिंगचा आवाज, आणि कार्बन (फिरत्या भागाला टेकून करंट नेणारे ठोकळे) झिजून स्प्रिंग होल्डरला टेकायच्या बेतात.

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांनी फोन उचलला, नीट बोलले, मॉडेल बंद होऊन फार वर्षं झाली म्हणाले आणि नव्या मशीनचं कोटेशन पाठवलं. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच केलं असतं. पण मॅन्युअल? "रेकॉर्डला नाही." दुकानांतून तर मॉडेलचं नाव घेतल्याबरोबर मान हलायची. एका वाइंडिंगवाल्याने न उघडताच निदान केलं, आर्मेचर जळलंय. रिवाइंडिंगचा आकडा त्याने सांगितला तो मी सेटला मोजलेल्या पैशांहून मोठा होता.

तुमच्यापर्यंत पोचलो तो त्या पांढऱ्या "३" मुळे. टिपर घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने तो पाहिला आणि म्हणाला, हे आकडे अमुक यार्डातले, तिथले फोरमन अजून आहेत. मी फोन लावला, तर ओळखपाळख व्हायच्या आधीच तुमचा प्रश्न, "तीन नंबर? ताका कितें जालां?" त्याला काय झालं म्हणून.

काका, तुमच्या पोटमाळ्यावरची ती पत्र्याची ट्रंक मी विसरणार नाही. यार्डाचं ऑफिस रिकामं करताना फायली रद्दीत निघाल्या होत्या, त्यातल्या मशीनच्या तेवढ्या तुम्ही घरी आणल्या, डांबरगोळ्या घालून प्लॅस्टिकमध्ये बांधल्या. आपल्या हवेत वाळवी आणि बुरशी मिळून कागद किती वर्षं ठेवतात? तरी निळ्या अमोनिया प्रिंटवरचं सर्किट अजून वाचता येत होतं. घडीच्या रेषेवर तेवढं पुसट झालेलं. त्यात पार्ट लिस्ट होती, ग्रीसिंगचा तक्ता होता. आणि छापलेल्या मजकुराहून जास्त कामाचा निघाला तो तुमचा समासातला पेन्सिलीचा मजकूर. "चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) कार्बन बघणे." "इथली वायर चुकीची छापली, F1 F2 उलट." ही छापील चूक तुम्ही कधी पकडली असेल आणि ती पकडेपर्यंत काय काय केलं असेल, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही नुसते हसलात. ते F1 F2, म्हणजे फील्डच्या गुंडाळीची दोन टोकं, मी घरी जाऊन वायरी धरून तपासले. पेन्सिल बरोबर होती.

पण खरा उपयोग झाला तो त्यानंतरच्या अर्ध्या तासाचा. पार्ट लिस्टमधले नंबर मी उतरवून घेत होतो, तर तुम्ही वही बंद केलीत आणि सांगितलंत की हे नंबर कंपनीच्या कपाटाचे आहेत, कपाटच राहिलं नाही तर नंबर घेऊन काय करणार. सेट बनवणाऱ्याने बेअरिंग बनवलं नव्हतं, कार्बनही बनवला नव्हता, त्यानेही ते बाजारातूनच घेतलं होतं. तेव्हा दुकानात जाऊन मशीनचं नाव घ्यायचंच नाही, माप सांगायचं.

घरी येऊन बेअरिंगवरचं वाळलेलं ग्रीस रॉकेलने पुसलं. कडेच्या रिंगवर आकडा होता, ६३१०. आत ५० मिलिमीटर, बाहेर ११०, जाडी २७. हे माप जगभर एकच. फोंड्यात दुकानदाराने मागे वळून खोका काढला, मधे एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. ज्या सेटचं काहीच मिळत नाही असं मी सगळ्यांकडून ऐकत होतो, त्याचं बेअरिंग चहा थंड व्हायच्या आत हातात.

कार्बनला जरा जास्त फिरलो. लांबी-रुंदी-जाडी व्हर्नियरने घेतली, पण तुमची ताकीद होती की नुसत्या मापावर जाऊ नको, जातही बघ. स्टार्टर मोटारीतला तांबंमिश्रित कार्बन मापाने बसेलही, पण कमी व्होल्टेजच्या त्या कामासाठीचा तो कार्बन इथे कम्युटेटर खाईल, म्हणजे कार्बन ज्याच्यावर घासतात ते तांब्याच्या पट्ट्यांचं फिरतं नळकांडं. इथे इलेक्ट्रोग्रॅफाइट हवा. चोर्ला घाटातून बेळगावला गेलो, उद्यमबागेच्या बाजूला एकाने मोठ्या ठोकळ्यातून कापून, तांब्याची वेणी बसवून सगळे एका मापाचे करून दिले. जुना तुकडा नमुन्याला नेला होता, त्याच्यावर पुसटसा ग्रेड शिल्लक होता, तो त्याने भिंगातून वाचला.

रेंज बदलायच्या स्विचचं बेकेलाइट तडकलेलं होतं, ते मात्र कुठेही मिळणारं नव्हतं. त्याला हायलमची (वीज न वाहणारी) शीट आणून भोकं पाडून घेतली. दिसायला ओबडधोबड आहे, चालतं.

आता कम्युटेटर. तुम्ही घरी आलात, खुर्ची नको म्हणालात आणि पाण्याच्या बालदीवर उलटं घमेलं ठेवून त्यावर बसलात. आत टॉर्च मारला आणि पहिलं बोट ठेवलंत ते रॉकरच्या, म्हणजे कार्बन धरणाऱ्या रिंगवर. रिंगवर छिन्नीची एक बारीक खूण, कव्हरवर दुसरी, आणि दोन्हींत बोटभर अंतर पडलेलं. मधल्या कुणा मेकॅनिकने रिंग सोडवली आणि खुणा न जुळवता आवळली. कार्बन त्यांच्या जागेवरून सरकले की ठिणग्या उडायच्याच. म्हणजे आर्मेचर जळालेलं नव्हतंच. इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगर मीटरनेही तेच सांगितलं, आधी थोडं कमी आलं, मग ताडपत्रीखाली शंभर वॅटचे बल्ब रात्रभर लावून ठेवल्यावर काटा वर गेला. त्यात ओल होती, दुसरं काही नाही.

तांब्याच्या पट्ट्यांवर चॉकलेटी रंग चढला होता. मी पॉलिशपेपर हातात घेतला तर तुम्ही तो काढून घेतलात. तो रंग चांगल्या कम्युटेटरची निशाणी आहे, खड्डे किंवा काळे डाग असतील तिथेच हात लाव, आणि एमरी मुळीच नको, तिचे कण तांब्यात रुततात. मग करवतीच्या जुन्या पात्याचे दात घासून बारीक केलेत आणि पट्ट्यांमधला वर आलेला मायका एकेक खाचेतून उकरलात, तांब्याच्या पातळीपासून मिलिमीटरभर खाली. वय पंचाहत्तरीपार, हात कापत नव्हता. नवे कार्बन बसवताना काचकागद कम्युटेटरवर उताणा धरून, फिरायच्या दिशेने ओढत, त्यांच्या तोंडाला गोलाई आणलीत. त्यासाठी लागलेला वेळ मला तेव्हा फुकटचा वाटत होता, आता वाटत नाही. कार्बनचं पूर्ण तोंड टेकलं नाही तर सगळा करंट एका कडेतून जातो आणि पुन्हा ठिणग्या.

एवढं होऊनही व्होल्ट आले नाहीत, तेव्हा माझा धीर सुटला होता. तुमचा नाही. सेट वर्षानुवर्षं बंद राहिला की पोलमधलं (गुंडाळीच्या आतल्या लोखंडातलं) उरलंसुरलं चुंबकत्व विरतं, आणि तेवढं नसेल तर जनरेटरला सुरुवातच करता येत नाही. सेट बंद ठेवून एक्सायटरच्या, म्हणजे ते चुंबकत्व उभं करणाऱ्या छोट्या जनरेटरच्या फील्डच्या वायरी सोडवल्या, ट्रकची १२ व्होल्टची बॅटरी आणली, प्लसला प्लस, मायनसला मायनस, चार-पाच सेकंद. "काढताना ठिणगी मारेल, बोट लांब ठेव." मारली. वायरी परत जोडल्या, मोटार सुरू केली आणि मीटरचा काटा हळूहळू चढत ६८ वर थांबला. उलटी जोडली असती तर पोलॅरिटीच फिरली असती, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आधी सांगितलं असतंत तर मी बॅटरीला हात लावला नसता.

पैशांची गोष्ट काढली तेव्हा तुम्ही रागावलात, म्हणून ती परत काढत नाही. मॅन्युअल आणि सर्किट मी स्कॅन करून ठेवलं आहे, तुमच्या समासासकट, आणि मागेल त्याला फुकट देतो. होंड्याच्या एकाकडे याच सेटचा भाऊ निघाला, तो स्कॅन घेऊन गेला. एकाने वेगळ्याच सेटसाठी विचारलं, तर त्याला तुमचंच सांगितलं, आधी पितळी पाटी घासून वाच. लिंकनचं मशीन असेल तर पाटीवरचा कोड नंबर आणि मिलरचं असेल तर सिरियल नंबर लागतो, त्यावरून या कंपन्या जुनीसुद्धा मॅन्युअलं देतात. आपल्याकडच्या पाटीवर नाव अडवाणी ओरलिकॉन असेल तर विचारायचं अडोर वेल्डिंगकडे, नाव बदललं आहे. पाटीच नसेल तर मापं घेऊन बसायचं.

एक काम अजून बाकी आहे. पार्ट लिस्टचं शेवटचं पान तुमच्या फायलीतही नव्हतं. त्यात पंख्याचं आणि शेवटच्या कव्हरचं ड्रॉइंग असावं असं अनुक्रमणिकेवरून दिसतं. तुमच्या यार्डात एक आणि दोन नंबरचे सेटही होतेच ना? ते कुठे गेले, कुणी घेतले, एवढं आठवलं तर कळवा, मी जाऊन विचारतो. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या माळ्यावर तशी निळी घडी असेल तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी उसगावच्या तिस्कावर (तिठ्यावर) कुठल्याही गॅरेजात विचारा, माझ्यापर्यंत निरोप पोचतो.

तुमचा,
उसगावचा वेल्डिंगवाला

ता. क. समासातल्या सूचनेप्रमाणे चवथीआधी कार्बन बघितले. अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. काकूंना सांगा, लोखंडी तव्याचा कान जोडून झाला आहे, बुधवारी आणून देतो.