जुन्या ट्रकला पॉवर स्टिअरिंग

महोदय,
मार्केट यार्डात कांद्याने भरलेला जुना ट्रक गाळ्याला मागे लावताना खांदे भरून येतात. म्हणून पॉवर स्टिअरिंग बसवायला निघालो. गॅरेजवाले म्हणतात, 'भंगारातला स्टिअरिंग बॉक्स टाकू.' पण नुसता बॉक्स काय कामाचा? तो चालतो तेलाच्या दाबावर, आणि तेलाला दाब देणारा पंप इंजिनावर फिरायला हवा. जुन्या इंजिनाला त्याची सोय नसेल तर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीला आणखी एक खाच, पट्टा आणि भक्कम ब्रॅकेट लागते. पुल्या एका रेषेत नसल्या की पट्टा उडतो, आणि कात्रजच्या वळणावर स्टिअरिंग एकदम दगड! वाहनातल्या फेरबदलांसाठी मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आहे. अशा कामाला परवानगी कशी मिळते, तपासणीत काय बघतात, हे आरटीओने मराठीत फलकावर लावावे. एजंटांच्या सांगोवांगीला आम्ही विटलो आहोत.

– एक ट्रकमालक, निगडी, पुणे