अ‍ॅपल पायच्या पारीला कडकडीत मोहन नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी अ‍ॅपल पाय करायची पाककृती आली होती. नातीनं ते पान कापून फ्रीजवर चिकटवलं आणि वाढदिवसाला केक नको, हेच पाहिजे म्हणून बसली. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, ३१ वर्षं मोल्डर म्हणजे साचे बनवणारा म्हणून काम करून मी निवृत्त झालो. घरात ओव्हन आल्यापासून भाजायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे हेही माझ्याकडेच आलं.

पाककृतीत लिहिलं होतं, दोन वाट्या मैद्यात अर्धी वाटी तुपाचं कडकडीत मोहन घाला, पाणी घालून मऊ मळा आणि गरम ओव्हनमध्ये खरपूस भाजा. मी शब्दही इकडचा तिकडे केला नाही. वरची पारी फरशीसारखी झाली, सुरी दाबली तर सरळ दुभंगली. खालची ओलीगच्च. नातीनं चमच्यानं आतलं सफरचंद खाल्लं आणि पारी बशीच्या कडेला सारून ठेवली. बोलली काहीच नाही. ते माझ्या मनातून जाईना, म्हणून पुढचे दीड-दोन महिने मी ह्याच्या मागे लागलो. चौथ्या खेपेला पदर सुटले. चुकलं कुठं ते इतर वाचकांना कळावं म्हणून हे पत्र.

कडकडीत मोहन करंजीला, शंकरपाळ्याला बरोबर आहे. तूप मैद्याच्या कणाकणाला लागतं आणि पदार्थ खुसखुशीत होतो. पण खुसखुशीत वेगळं आणि पदर सुटलेलं वेगळं. आमच्या मंडळींनी एका वाक्यात सांगितलं, "चिरोट्याला साटा लावतो तो कशाला? पोळ्या एकमेकीला चिकटू नयेत म्हणूनच की." पायमध्ये साट्याचं काम गार लोण्याचे तुकडे करतात. वाटाण्याएवढे तुकडे मैद्यात तसेच अख्खे राहिले पाहिजेत. लाटताना ते चपटे होतात आणि मैद्याच्या दोन थरांमध्ये पातळ पापुद्र्यासारखे बसतात.

पुढचं काम पाण्याचं. बाजारातल्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेलं बहुतेक पाणी. ओव्हनच्या उष्णतेनं त्या पाण्याची वाफ होते. वाफ पाण्याच्या सोळाशे पटीहून जास्त जागा मागते, ती वरचा थर उचलते आणि तेवढ्यात मैदा भाजून तिथंच घट्ट होतो. तो झाला पदर. कढवलेल्या तुपात पाणी उरलेलंच नसतं, मग वाफ कुठून येणार? फौंड्रीत आम्ही ह्याच वाफेला आयुष्यभर घाबरलो. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालं की वितळलेल्या धातूचा रस ओतताना वाफ कोंडते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, ब्लो होल म्हणजे पोकळ भोकं पडतात. म्हणून सळईनं साच्याला वेंट, म्हणजे वाफ जायला भोकं, मारायचे. पायच्या वरच्या पारीलाही सुरीनं चार चिरा द्याव्या लागतात, आतल्या सफरचंदाची वाफ बाहेर जावी म्हणून. तेही आपल्या पाककृतीत नव्हतं.

लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात दुपारी आमचं स्वयंपाकघर त्याच्या वर असतं, म्हणजे लाटता लाटताच सगळं एकजीव होणार. गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे, तिथल्या खारी करणाऱ्या कारागिरानं सांगितलं की उन्हाळ्यात ते लाटायचं काम रात्रीच उरकतात. तेव्हापासून मी पहाटे साडेपाचला ओट्याच्या कडाप्प्यावर लाटतो. त्या वेळी दगड हाताला गार लागतो. मैदासुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवतो. पाणी बर्फाचं, आणि गोळा जेमतेम धरेल एवढंच. मळायचं तर अजिबात नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो, तो चपातीला हवा, इथं नको. गोळा तासभर फ्रीजमध्ये विसावला नाही तर भाजताना पारी आकसते, हे मी दुसऱ्या खेपेला पाहिलं.

माझं माप असं आहे: ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, एक छोटा चमचा मीठ, सुमारे ९० मिली बर्फाचं पाणी. एवढ्यात नऊ इंची डब्याच्या खालच्या-वरच्या दोन्ही पाऱ्या होतात. सफरचंदं किलोभर. हिरवी परदेशी सफरचंदंच घ्या असं आपण छापलं होतं, ती महाग पडतात. मार्केट यार्डात मिळणारं हिमाचलचं डिलिशस चालतं. ही जात मुळात अमेरिकेचीच. तिकडून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स, म्हणजे पुढचे सत्यानंद स्टोक्स, यांनी १९१६ च्या सुमारास कोटगढला तिची लागवड केली. फक्त ती गोड असते आणि शिजून लवकर मऊ पडते. म्हणून फोडी जाड ठेवायच्या आणि एका लिंबाचा रस घालायचा. गोडीला मी १०० ग्रॅम आपला कोल्हापुरी गूळ किसून घालतो, बरोबर दालचिनी. अर्ध्या तासात फोडींना भरपूर पाणी सुटतं. ते निथळून वेगळं आटवायचं, काकवीइतकं दाट झालं की फोडींत दोन चमचे कॉर्नफ्लोअर मिसळून परत घालायचं. खालची पारी ओली राहिली ती ह्याच पाण्यानं.

आणि गरम ओव्हन म्हणजे किती गरम? फौंड्रीत धातूच्या रसाचं तापमान पायरोमीटरनं, म्हणजे भट्टीच्या तापमापकानं, बघितल्याशिवाय आम्ही ओतत नव्हतो. ओव्हनसाठीचा छोटा तापमापक आणून आत ठेवला, तर बटण २२० वर आणि आत १९५. आता मी तापमापक २२० दाखवेल तेव्हाच पाय आत सारतो, तोही खालच्या खणात, आधीपासून तापलेल्या ट्रेवर. २० मिनिटांनी १८० वर आणून आणखी ४० मिनिटं, चिरांमधून रस बुडबुडताना दिसेपर्यंत. बाहेर काढल्यावर तीन तास कापायचा नाही, आतला रस आळायला तेवढा वेळ लागतो.

आपल्याला विनंती आहे की ही दुरुस्ती पुरवणीत त्याच जागी छापावी. यापुढे भाजायच्या पदार्थांची मापं ग्रॅममध्ये आणि ओव्हनचं तापमान अंशांत द्यावं. किलोभर सफरचंदं आणि २०० ग्रॅम बटर वाया जाणं बऱ्याच घरांना परवडत नाही. गणपतीच्या सुमारास हिमाचलचा माल इथं भरपूर येतो, त्याच्या आधी छापलं तर उपयोग होईल. ते कात्रण अजून आमच्या फ्रीजवर आहे. नातीनं त्यावरची मोहनाची ओळ लाल पेनानं खोडली आहे.

आपला,
एक निवृत्त मोल्डर
राजारामपुरी, कोल्हापूर